आज जंक्शन आहे, ज्याचं त्यानं घ्या
वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न (अमळनेरहून एक वाचक): ताई, माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते. रविवारी रात्री आई काहीच रांधायची नाही, फ्रीजमधले आणि ओट्यावरचे सगळे डबे टेबलावर उघडून ठेवायची आणि आवाज द्यायची, "जंक्शन आलं रे!" मग ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यायचं, कोणी शिळी पोळी आणि चहा, कोणी गार वरणभात आणि लोणचं, भाऊ तर नुसता चिवडा आणि दही खाऊन उठायचा. आता सासरी मी एकदा असं केलं तर सासूबाई म्हणाल्या, "का गं, बरं नाहीये का तुला?" त्यांना कसं समजावू? आणि असली नावं बाकीच्यांच्या घरात असतात का, की आमचंच घर येडं?

उत्तर: येडं कसलं, भुसावळच्या माणसानं जंक्शन नाही म्हणायचं तर कोणी म्हणायचं! चारी दिशांच्या गाड्या येतात तशा चार दिवसांच्या भाज्या ताटात येतात, नाव एकदम फिट्ट आहे. आणि अशी नावं घरोघरी आहेत बरं का, फक्त कोणी बाहेर सांगत नाही, कारण "आज आम्ही शिळंपाकं खाल्लं" हे चारचौघांत बोलायला लोक लाजतात. धुळ्यात माझ्या ओळखीच्या एका घरी याला लोडशेडिंग म्हणतात, म्हणजे आज गॅसचं लोडशेडिंग, शेगडी पेटणार नाही. एका प्राध्यापकांच्या घरात एटीकेटी म्हणतात, मागच्या सेमिस्टरचे राहिलेले विषय आज सोडवायचे, आणि कारल्याची भाजी तिथे दर वेळी पुन्हा नापास होते. स्वच्छता अभियान, संपवासंपवी, डबे उघडा ही तर कॉमन नावं झाली. पण मला सगळ्यात आवडलं ते चोपड्याकडच्या एका शेतकरी घरातलं, ते म्हणतात "आज सरवा". भुईमूग काढून झाला की मातीत मागे राहिलेल्या शेंगा बायापोरं वेचत फिरतात तो सरवा, तसा स्वयंपाकघरातला सरवा. खेड्यातल्या आज्या तर नावबिव काही ठेवत नाहीत, "आपलं आपलं ली ल्या रे", म्हणजे आपापलं घ्या रे, एवढं अहिराणीत बोलल्या की पोरं समजून जातात.

आता सासूबाईंचं. त्यांना राग शिळ्याचा आलेला नसावा, आपल्याला कोणी वाढलं नाही याचा आला असेल. त्यांच्या पिढीत ताट वाढून समोर ठेवणं म्हणजे मान, आणि आपलं आपण घ्या म्हणजे हाकलून दिल्यासारखं. म्हणून रात्री आठ वाजता डबे आपटत जाहीर करू नका, सकाळीच सांगा की आज संध्याकाळी जंक्शन, आणि पहिले काही रविवार एक तरी गरम गोष्ट ठेवा. एक भाकरी गरम टाका नाहीतर कुटके करा. कालची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी हातानं बारीक कुस्करायची, त्यावर ताकाचा हबका मारून पाच-दहा मिनिटं ठेवायची, मग शेंगदाण्याच्या तेलात शेंगदाणे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची चांगली तडतडू द्यायची आणि भाकरी टाकून झाकण ठेवायचं. कळण्यात मीठ आधीच असतं हे विसरायचं नाही, नाहीतर खारट ढोण होतं. हा लसणाचा वास गेला ना की सासूबाईच येऊन विचारतील काय केलंय, आणि मग त्यांनाच विचारा की तुमच्या माहेरी शिळ्या भाकरीचं काय करायचे. मी सांगते, तासभर बोलतील.

एक गोष्ट मात्र मी ठणकावून सांगणार. जंक्शन म्हणायचं आणि डबे गरम करायचे तुम्ही, टेबल मांडायचं तुम्ही, भांडी घासायची तुम्ही आणि तीन दिवसांची ती गिलक्याची भाजी कोणीच घेत नाही म्हणून शेवटी खायची पण तुम्हीच, तर मग ते नुसतं नावाला जंक्शन. सगळ्यात जुना डबा आधी सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा जाईल आणि ज्याचं ताट त्यानं घासायचं, हे दोन नियम पहिल्याच दिवशी लावून टाका. मिस्टरांना पण.

प्रश्न (नंदुरबारहून): आमची आजी एरवी शिळ्याला हात लावू देत नाही, पण वर्षातून एक दिवस स्वतःच सगळ्यांना गार जेवायला बसवते आणि चूल पेटू देत नाही. हे कसं काय?

उत्तर: तो शीतला सप्तमीचा दिवस. आपल्याकडे ती श्रावण शुद्ध सप्तमीला, म्हणजे नागपंचमी झाली की दोन दिवसांनी. त्या दिवशी चुलीला विश्रांती, आदल्या दिवशी करून ठेवलेलं गारच खायचं. तुमच्या नंदुरबारला गुजरात लागूनच, तिकडे हीच सातम श्रावण वद्यात येते आणि आदल्या दिवसाला रांधण छठ असं नावच आहे, त्या दिवशी थेपले, पुऱ्या असं टिकणारं सगळं रांधून ठेवतात. खान्देशातल्या मारवाडी घरांत होळीनंतर आठवडाभरानं बासोडा असतो, तेव्हा पण आदल्या दिवशीचंच, दही घातलेला ओलिया भात, राबडी, पुए. शीतलामाता म्हणजे रोग्यांना बरं करणारी देवी, पूर्वी देवी-गोवराची साथ म्हटलं की तिचंच नाव, तिला गारवा आवडतो म्हणून नैवेद्य पण गारच. म्हणजे बघा, शिळ्याला नाव मिळालं आणि वर देवी मिळाली की आजी पण खुशीत जेवते!

फक्त आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांना या गप्पांत ओढू नका, ते आपल्या भाऊबंदातच खायचे असतात, त्यांचं शास्त्र वेगळं.

प्रश्न (जळगावहून, शिकणारा मुलगा): रूमवर आम्ही भाकरी फ्रीजमध्ये ठेवतो तर ती दगड होते आणि भात बाहेर ठेवतो तर रूममेट म्हणतो विषबाधा होईल. कोण बरोबर?

उत्तर: तुमचा रूममेट. भाताला हलक्यात घेऊ नका. तांदळात असणारे काही जिवाणू शिजवल्यावरही बीजाणूंच्या रूपात टिकतात, भात तासन्‌तास बाहेर राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, 5 अंशांखाली ठेवा आणि गरम करताना आतपर्यंत 70 अंशांच्या वर जाऊ द्या. आणि आपल्या जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तिथे दोन तास पण जरा जास्तच झाले. भात उरला की पसरट ताटात निववा, डब्यात भरा, फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी फोडणीला घालून संपवा.

भाकरीचं उलटं आहे. तिच्यातला स्टार्च गार होताना घट्ट बसतो आणि फ्रीजच्या थंडीत हे आणखी जोरात होतं, म्हणून दगड. दुसऱ्या दिवशी खायची असेल तर फडक्यात गुंडाळून डब्यात बाहेरच ठेवा, पण पावसाळ्यात बुरशीवर लक्ष असू द्या. बट्टी तर याहून सोपी, रविवारच्या वरण-बट्टीतली कोरडी बट्टी उरली की सोमवारी कुस्करून गूळ-तूप, झाला चुरमा. वरण मात्र फ्रीजमध्येच.

प्रश्न (शिरपूरहून): मुलगी अमेरिकेत आहे, ती म्हणते तिकडे पण असल्या जेवणाला नावं आहेत. खरं का?

उत्तर: खरंय. तिकडे योयो म्हणतात, म्हणजे "यू आर ऑन युअर ओन", तुझं तू बघ. मस्टगो पण म्हणतात, फ्रीजमधलं सगळं आज जायलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये थोडं थोडं टिपून खायच्या रात्रीच्या जेवणाला पिकी टी. 2023 मध्ये टिकटॉकवर गर्ल डिनर नावाचं फॅड आलं, चीजचा तुकडा, चार द्राक्षं, ब्रेड, झालं जेवण. आपल्याकडच्या पोरी भाजलेला बिबडा म्हणजे ज्वारीचा पापड, मूठभर शेंगदाणे आणि कांदा घेऊन टीव्हीसमोर बसतात, त्याचे कोणी व्हिडिओ काढले नाहीत एवढाच फरक. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, ओडिशात पाण्यात भिजवलेल्या भाताला पखाळ म्हणतात आणि 20 मार्चला त्याचा दिवस साजरा करतात.

प्रश्न (पाचोऱ्याहून): जंक्शनच्या रात्री नेमके पाहुणे आले तर?

उत्तर: घरातलेच असतील, म्हणजे भाचे, मामा, बहिणी, तर ताट हातात द्या आणि रांगेत उभं करा, त्यांना मजाच वाटते. व्याही असतील तर शेवभाजी. कांदा-खोबरं भाजून वाटण, काळा मसाला, तर्री वर आली की पाणी, आणि जाडी तिखट शेव वाढताना टाकायची, आधी टाकली तर लगदा होतो. सोबत भरीत उरलेलं असेल तर ते बिनधास्त गारच ठेवा, वांगी तुराट्यांवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, मिरची-लसूण ठेचलेलं भरीत रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की मला तरी जास्त चवदार लागतं. व्याह्यांना ते कालचं आहे हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी तर सांगत नाही.