कोकण-गोव्यात फिरताना शाकाहारी माणसाने काय खावं? आणि तसं काही घरी करता येईल का?

आधी एक सांगतो, पनीर मागवू नका. पनीर बटर मसाला तुमच्या गल्लीतही मिळतो, त्यासाठी मालवण गाठायची गरज नाही.

सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा. मार्च-एप्रिलच्या सुमारास गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ. पाटीवर लिहिलेली नसली तरी विचारा, बऱ्याचदा आत शिजत असते. गोव्यात सकाळी पाव-भाजी खा (मुंबईची लोणीवाली नव्हे, पातळ रश्शाची), आणि पावसाळ्यात अळंब्यांची शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) मिळाली तर सोडू नका. महाग असते, पण पैसे वसूल. वडे मासळीच्याच तेलात तळलेत का, हे मात्र सरळ विचारून घ्या. कुणी वाईट वाटून घेत नाही.

घरी करायचं तर सांबारंच करा. काळे वाटाणे रात्रभर भिजवायचे आणि कुकरला भरपूर शिट्ट्या द्यायच्या, कारण ते लवकर शिजत नाहीत. कांदा आणि सुकं खोबरं तेलावर पार काळपट होईपर्यंत भाजा. इथे हात आखडला की चव गेली. वाटताना त्यात मूठभर शिजलेले वाटाणे घाला, रस्सा आपोआप दाट होतो. मग मालवणी मसाला, मीठ आणि उतरवताना २-३ आमसुलं. वाटाणे मुंबईत दादरच्या कोकणी मालाच्या दुकानांत मिळतात.