नवीन लायब्ररियनने शिक्षकांमध्ये पुढाकार कसा घ्यावा

घाबरू नका, पुढाकार घ्यायला पद लागत नाही. तुमचा उपयोग कळला की शिक्षक आपणहून विचारायला येतात. सुरुवातीला एवढंच करा:

१. एकच शिक्षक पकडा. सगळ्या स्टाफला एकदम मेसेज टाकून काही होत नाही. ज्यांना पुस्तकांची आवड आहे किंवा ज्यांचा प्रोजेक्ट अडलाय अशा एकांना विचारा पुढे कोणता धडा आहे, आणि त्यासाठी पाच-सहा पुस्तकं, एखादा नकाशा, भरवशाच्या दोन वेबसाइट काढून स्वतः वर्गात नेऊन द्या, कोणी मागायची वाट बघू नका. जमलं तर तो तास दोघांनी मिळून घ्या. माहिती कुठे शोधायची, ती कोणी आणि कधी लिहिलीय, दुसरीकडे तेच सापडतं का, हा भाग तुमचा. माझ्या मते तुमची खरी ताकद हीच, विषयशिक्षकांना यासाठी वेळच मिळत नाही.

२. अभ्यासक्रमाच्या मीटिंगला बसा. बोलावलं नाही तर मुख्याध्यापकांना सरळ विचारा.

३. किती पुस्तकं वाचायला गेली एवढंच नको, कोणत्या वर्गासोबत काय केलं आणि मुलांच्या कामात काय फरक दिसला तेही लिहून ठेवा.

नवीन लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक, शिक्षकांना त्यांच्या शिकवण्यातल्या चुका दाखवत बसतात. दुसरं, ऑफ तासाला मुलं सांभाळायला दिली की दर वेळी हो म्हणतात, मग तीच ओळख होऊन बसते आणि ती पुसायला फार वेळ जातो.

बजेट, कमिट्या, शिक्षकांचं ट्रेनिंग घेणं, याला पहिल्या टर्ममध्ये हातच लावू नका.