मावशी चवथीला लंडनहून येतेय, पणजीत फेसलिफ्ट करून परत जाणार. टाके विरघळणारे घ्यावेत की कायमचे?

आतले टाके विरघळणारे घातले तरी चालतात, त्यामुळे ओढून घेतलेला चेहरा लवकर सैल पडतो असं नाही, आणि बाहेरचे 'कायमचे' म्हणतात ते तर काढायचेच असतात. मी ऑपरेशन थिएटरात नर्स आहे, हा प्रश्न पेशंटकडून नेहमी येतो. कातडीखालचा स्मास नावाचा थर ओढून शिवतात तेव्हा खरा भार त्या टाक्यांवर सुरुवातीचे काही आठवडेच असतो, मग तिथे व्रण धरतो आणि तोच सगळं धरून ठेवतो. विरघळणाऱ्या धाग्यांत व्हिक्रिल दोन-अडीच महिन्यांत विरघळतो, पीडीएसला सहाएक महिने लागतात आणि ताकदही तो जास्त दिवस टिकवतो. काही सर्जन आत न विरघळणाराच धागा घालतात, तेही चूक नाही, फक्त पातळ कातडीच्या बाईला कधीकधी कानापुढे गाठ बोटाला लागते किंवा वर्षांनी धागा बाहेर डोकावतो, मग काढत बसा.

बाहेर कानापुढे बहुतेक बारीक नायलॉन किंवा प्रोलीनचा न विरघळणारा धागा, कारण त्याची कातडीला रिॲक्शन कमी आणि डाग बारीक.
- कानापुढचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी काढतात
- केसांतले स्टेपल (धातूच्या पिना) 7 ते 10 दिवसांनी

म्हणून परतीचं विमान त्याआधीचं काढू नका. मात्र मावशी सिगरेट ओढत असेल किंवा डायबिटीस असेल तर जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा हे दिवस सर्जनच ठरवणार, धागाही तोच निवडेल.