पुढचा डावा टायर फक्त बाहेरच्या कडेला का झिजतो?

कच्च्या ट्रॅकवर धावणाऱ्या आपल्या एस्टीमचा पुढचा डावा टायर दोनच शर्यतींत बाहेरच्या कडेला गुळगुळीत झाला, उजवा बऱ्यापैकी शाबूत आहे आणि अलाइनमेंटचा (चाकांचे कोन मोजल्याचा) कागद मात्र टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते माप, बरोबर असल्याचे दाखवतो, असे आपण लिहिले आहे. ट्रॅकवर उजवी वळणे जास्त आहेत, आणि उद्यमनगरात कातून घेतलेले स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) बसवून पुढची बाजू उंच केली आहे, हेही आपण ओघात सांगितले आहे. माझा संशय त्या स्पेसरवर आहे, पण तो पक्का करण्याआधी टायर हाताने तपासावा.

गाडी धुऊन नक्षीतला मुरूम पूर्ण काढावा आणि तळहात टायरवरून आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेला हात सहज सरकेल, दुसऱ्या दिशेला ठोकळ्यांची धार खवल्यांसारखी बोटांना अडेल. दोन्ही टायरांवर हात आतून बाहेर नेताना धार अडत असेल, तर टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणे, जास्त आहे. परंतु दोन्ही टायरांची धार गाडीच्या उजवीकडेच तोंड करून असेल, म्हणजे डाव्या टायरवर आतल्या आणि उजव्या टायरवर बाहेरच्या बाजूला, तर ती उजव्या वळणांची खूण आहे. वळताना वजन डाव्या चाकावर येत असल्याने तिथे ती अधिक ठळक असते. शिवाय नुसता टो चुकला, तर गाडी सरळ चालताना ती चूक दोन्ही पुढच्या चाकांत वाटली जाते आणि दोन्ही टायर झिजतात. एकच टायर जात असताना पुन्हा पुन्हा टाय रॉड (ज्याने टो जुळवतात तो स्टिअरिंगचा दांडा) फिरवून घेण्यात पैसे घालवू नयेत.

आता कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती झुकले आहे ते. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) गाडीची पुढची बाजू उचलली की चाकाचा वरचा भाग बाहेर झुकतो. उजव्या वळणात गाडी डावीकडे कलते, तेव्हा आधीच बाहेर झुकलेले डावे चाक आणखी झुकून बाहेरच्या कडेवर उभे राहते. सपाट फरशीवर, चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून, चाके सरळ करून, टायरचा फुगवटा टाळून रिमसमोर गवंड्याचा ओळंबा सोडावा आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजावे. खालचे अंतर जास्त भरले तर चाक बाहेर झुकलेले आहे. दोन्ही बाजू सारख्याच झुकल्या असतील तर कारण स्पेसर. डावी बाजूच फार वेगळी असेल तर स्ट्रट वाकला आहे किंवा बुश (सांध्यातला रबरी तुकडा) गेला आहे.

हे शेवटचे मी स्वतः भोगले आहे. एका वर्कशॉपमध्ये मी तीनदा अलाइनमेंट करून घेतली आणि तिन्ही वेळा आकडे बरोबर आले, कारण लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) फाटलेला बुश उभ्या गाडीत जागेवर बसायचा आणि ब्रेक लागला की चाक मागे सरकायचे. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवावे, मग डावी-उजवीकडे धरून हलवावे. पहिल्या हालचालीत प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, दुसऱ्या हालचालीतच असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक पाहावा. बुशसाठी मात्र पहार लावून आर्म दाबूनच बघावे लागते.

हवा थंड टायरमध्येच मोजावी. ग्रिपसाठी ती फार कमी केली असेल तर दोन्ही कडा झिजतात, आपल्यासारखी एकच नव्हे. तरीही वळणात बाहेरच्या कडेवरचा ताण त्याने वाढतोच.

बुश आणि स्ट्रट ठीक निघाले तर स्पेसर काढावेत किंवा पातळ करावेत. उंची हवीच असेल तर स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवून चाकाचा माथा आत घ्यावा. स्ट्रटची भोके कानसून मोठी करू नयेत, कारण उड्या बसल्यावर तो सांधा सरकतो. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे अलाइनमेंट त्यानंतर आणि पोती गाडीत ठेवूनच करून घ्यावी.