पहाटे पाचला उघडणारे दार

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे त्याच्याकडे होतो आणि थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिथल्या कृतज्ञतेच्या सणाच्या, दिवशी शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने आम्हाला आग्रहाने जेवायला बोलावले. जेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाने, अगदी सहा वर्षांच्या नातवानेही, आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितले. मला ते फार भावले. घरी परतताना मुलगा म्हणाला, “आई, २००८ साली याच रात्रीनंतरच्या पहाटे न्यूयॉर्कजवळच्या एका दुकानात सेलसाठी आलेल्या लोकांनी तिथल्या कामगाराला तुडवून मारले.” रात्री कृतज्ञता आणि पहाटे हे! माणूस स्वस्त वस्तूंसाठी इतका लोभी होतो का? आपल्याकडे दिवाळीच्या सेलमध्ये असे कधी घडेल का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ती घटना २८ नोव्हेंबर २००८ ची, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या मोठ्या सेलच्या दिवसाची, लाँग आयलंडवरील व्हॅली स्ट्रीम या उपनगरातल्या वॉलमार्टच्या दुकानातली. दुकान पहाटे पाचला उघडणार होते आणि लोक आदल्या रात्रीपासूनच बाहेर थंडीत येऊन उभे होते; पाचच्या सुमारास त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जाहिरातीत आठ डॉलरची जीन्स होती, २८ डॉलरचा व्हॅक्यूम क्लीनर होता आणि ७९८ डॉलरचा ५० इंची प्लाझ्मा टीव्ही होता. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून जेमतेम अडीच महिने झाले होते, नोकऱ्या जात होत्या, आणि मुलांना नाताळची भेट तर द्यायचीच होती; त्यामुळे त्या रांगेतल्या प्रत्येकाला हावरट म्हणणे मला जड जाते. उघडायच्या वेळेला काही मिनिटे असताना बाहेरचा रेटा इतका वाढला की आतले कर्मचारी काचेच्या दाराला हात टेकवून ते थोपवू लागले. काच आत वाकली, दार निखळले आणि लोंढा आत शिरला. दाराशी उभा असलेला ३४ वर्षांचा हंगामी कामगार त्यात खाली पडला. तो सहा फूट पाच इंच उंच आणि चांगला धिप्पाड होता, आणि म्हणूनच त्याला तिथे उभे केले होते, असे नंतर सांगितले गेले. त्याचा मृत्यू गुदमरून झाला. त्याला वाचवू पाहणाऱ्यांनाही लोकांचे धक्के बसत होते. एका गरोदर स्त्रीसह आणखी काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

आता लोभाविषयी. लोभ नव्हता असे मी म्हणणार नाही, पण या मृत्यूचे कारण म्हणून तो मला अपुरा वाटतो. दोन हजारांच्या गर्दीत मागच्या माणसाला पुढचे दार दिसत नाही, पुढची किंकाळी ऐकू येत नाही. त्याला एवढेच कळते की रांग अर्धे पाऊल पुढे सरकली, म्हणून तोही अर्धे पाऊल सरकतो. अशी शेकडो अर्धी पावले एकावर एक साचत जातात आणि त्यांचा भार सर्वांत पुढच्या माणसांच्या छातीवर पडतो. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की माणसाचे स्वतःच्या पावलांवर नियंत्रण उरत नाही, गर्दी नेईल तिकडे त्याला जावे लागते, आणि छाती फुगायला जागा न उरल्याने तो उभ्याउभ्याही गुदमरू शकतो. आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पाय येतात, पण अशा दुर्घटनांत जीव बहुधा श्वास कोंडून जातो.

मुंबईचे वाचक इथे हसतील. लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे असतात हे तर रेल्वेच्याच भाषेत रूढ झाले आहे. मात्र डब्याला भिंती असतात आणि त्यात शिरलेल्या माणसाला पुढे धावायला मोकळी जागा नसते, त्यामुळे रेटा त्या डब्यापुरताच राहतो. त्याच प्रवाशांना अरुंद जिन्यावर आणले की काय होते ते आपण २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पाहिले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पावसात, त्या जिन्यावर २३ जणांनी प्राण गमावले. तिथे कसला सेल होता, आणि कोणाला कसला लोभ होता? माणसे कामाला निघाली होती.

म्हणून व्हॅली स्ट्रीमच्या बाबतीत मी ग्राहकांच्या मनापेक्षा दुकानाच्या योजनेकडे आधी पाहते. स्वस्त वस्तू मोजक्याच ठेवायच्या, त्या किती आहेत हे रांगेतल्या माणसाला कळू द्यायचे नाही, सगळ्यांना एकच वेळ आणि एकच दार द्यायचे, आणि रांगेत अमुक क्रमांकावर असलेल्याला वस्तू नक्की मिळेल अशी कोणतीही हमी द्यायची नाही. अशा ठिकाणी शांतपणे उभा राहणारा माणूस मूर्ख ठरतो आणि रेटणारा शहाणा ठरतो. त्या दुकानाबाहेर एक हाताने लिहिलेला फलक होता म्हणतात : ‘ब्लिट्झ लाइन येथून सुरू’. ब्लिट्झ म्हणजे युद्धातला झंझावाती हल्ला. रांगेला ज्याने हे नाव दिले, त्याला पहाटे काय होणार याचा थोडाफार अंदाज असावा.

पुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. फौजदारी गुन्हा कोणावरही दाखल झाला नाही. कंपनीने सरकारी वकिलांशी तडजोड करून पीडितांच्या निधीसाठी चार लाख डॉलर आणि स्थानिक सामाजिक कामांसाठी पंधरा लाख डॉलर देण्याचे, तसेच न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या दुकानांत गर्दीच्या नियोजनाची व्यवस्था करण्याचे मान्य केले. परंतु कामगारांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या ओशा या केंद्रीय यंत्रणेने लावलेला अवघा सात हजार डॉलरचा दंड मात्र कंपनीने मान्य केला नाही. त्याविरुद्ध ती वर्षानुवर्षे लढली आणि त्या लढ्यावर दंडाच्या कित्येक पट खर्च केला. तिचा मुद्दा असा की ग्राहकांच्या झुंडीने कामगाराला इजा होणे हा पूर्वी कोणी धोका म्हणून ओळखलेलाच नव्हता. आता ‘ब्लॅक फ्रायडे’ या नावाचाच इतिहास पाहावा. हिशेबाच्या वहीतली तोट्याची लाल शाई जाऊन नफ्याची काळी शाई येते म्हणून हे नाव पडले, ही व्यापाऱ्यांनी १९८० च्या दशकात लोकप्रिय केलेली कथा आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९५० आणि ६० च्या दशकांत, फिलाडेल्फियाचे पोलीस हा शब्द वैतागून वापरत असत, कारण थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी शहरात उसळणाऱ्या गर्दीमुळे त्यांना सुटी मिळत नसे. ज्या दिवसाचे नावच गर्दीला कंटाळलेल्या पोलिसांनी ठेवले, त्या दिवशीची गर्दी धोक्याची आहे हे २००८ साली कोणाला ठाऊक नव्हते, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. न्यायाधीशांनाही ते पटले नाही आणि २०११ मध्ये त्यांनी दंड कायम ठेवला.

तरीही ग्राहकांना मी पूर्णपणे मोकळे सोडत नाही. माणूस गेला आहे, दुकान बंद करत आहोत, असे सांगितल्यावर “आम्ही कालपासून रांगेत आहोत” अशी कुरकूर काहींनी केल्याचे तिथल्या साक्षीदारांनी सांगितले. तेव्हा मागून कोणीही ढकलत नव्हते. आपला लोभाचा प्रश्न मला त्या वाक्यापाशी लागू पडतो, दारापाशी नाही.

आपल्याकडे असे घडेल का, याचे उत्तर देताना मला दादरच्या एका दुकानातला साड्यांचा सेल आठवतो. ढिगातून मी एक जांभळी साडी ओढली, तिचे दुसरे टोक एका अनोळखी बाईंच्या हातात होते, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न पाहता ती पुरे अर्धे मिनिट ओढत राहिलो. जांभळा रंग मला आवडत नाही. ती साडी मी जिंकले आणि आजवर एकदाही नेसलेली नाही.

प्रश्न : मी एका कपड्यांच्या दुकानात काम करतो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ‘पहिल्या पन्नास ग्राहकांना निम्म्या दरात’ अशी योजना असते. मालक शटर अर्धे वर करून मला दारात उभे करतात आणि “एकेकाला सोड” म्हणतात. मागच्या वर्षी माझा खांदा दुखावला. मालकांना काय सांगू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धे शटर ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. वाकून आत शिरणारा माणूस आधीच तोल गेलेल्या अवस्थेत असतो, आणि त्याच्या मागच्याला तो दिसतही नाही. व्हॅली स्ट्रीमनंतर ओशाने दुकानदारांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यातला एक मुद्दा थेट आपल्यासाठी आहे : गर्दी ज्या वाटेने आत येणार त्या वाटेत कामगाराला उभे करू नये. आपण बाजूला, काउंटरच्या आड किंवा खांबाच्या बाजूने उभे राहावे, आणि शटर उघडायचे तर पूर्ण उघडावे.

मालकांना नुकसानीच्या भाषेत सांगितले तर ते लवकर ऐकतील. पन्नास वस्तू असतील तर सकाळी सहा वाजता रांगेतच पन्नास टोकन वाटून टाकावीत. एक्कावन्नाव्या माणसाला तेव्हाच कळेल की निम्म्या दराचा माल संपला, आणि तो एकतर घरी जाईल किंवा शांतपणे दुसरे काही घ्यायला थांबेल. ज्याच्या हातात टोकन आहे त्याला धावायचे कारण उरत नाही. रांग दाराला चिकटवून सुरू करू नये, भिंतीच्या कडेने वळणे घेत न्यावी, कारण सरळ रांगेत मागचा सगळा रेटा थेट पुढच्यावर येतो. मागचे दार बंद करून त्याला खोके लावण्याची जी पद्धत आपल्या दुकानांत असते, ती त्या दिवसापुरती तरी सोडावी.

आणि इतके करूनही लोंढा आलाच, तर शटर धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही हात मुठी करून छातीसमोर आडवे धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते; लोंढ्याच्या विरुद्ध न जाता त्याच्यासोबत तिरके सरकत कडेला यावे; आणि मोबाइल खाली पडला तर तो तिथेच राहू द्यावा.