शुभवर्तमान की सुवार्ता?

प्रश्न असा आला आहे : मराठी बायबलच्या जुन्या आवृत्त्यांत पुस्तकाचं नाव 'मत्तयकृत शुभवर्तमान' असतं, पण आत मजकुरात 'सुवार्ता' येते. अर्थ एकच असेल तर शब्द दोन कशाला? आणि वर्तमान म्हणजे तर चालू काळ ना?

शेवटच्या शंकेचं आधी बघू. वर्तमान म्हणजे बातमी, हकिकत. बोलण्यातून हा अर्थ गेला, पण बखरींत आणि जुन्या पत्रव्यवहारात तो जागोजाग भेटतो, मोल्सवर्थनं तो कोशात नोंदवला आहे आणि 'वर्तमानपत्र' म्हणताना आपण आजही तोच वापरतो. वार्ता, वृत्त, वृत्तांत, वर्तमान ही सगळी 'वृत्' धातूची लेकरं. तेव्हा शुभवर्तमान काय नि सुवार्ता काय, दोन्ही 'चांगली बातमी'च. दोन्हींमागचा ग्रीक शब्दही एकच, एवांगेलिओन.

आपल्या सोलापुरात हे ताडून बघणं सोपं आहे. पूर्व भागातल्या तेलुगू ख्रिस्ती कुटुंबाकडचं बायबल उघडा : पुस्तकाच्या नावातही 'सुवार्त', मजकुरातही 'सुवार्त'. कन्नडमध्ये 'सुवार्ते'. शहरातल्या या तिन्ही भाषांत मराठीनंच दोन शब्द ठेवले, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

कारण नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापलेल्या क्रमानं न वाचता लिहिला गेला त्या क्रमानं वाचला, की या दोन शब्दांमधलं अंतर दिसायला लागतं. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याचं थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र इ.स. 50च्या सुमाराचं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चौघांत सर्वांत जुना धरतात तो मार्क, तो साधारण 70च्या आसपासचा. म्हणजे पौल 'सुवार्ता' म्हणतो तेव्हा त्या नावाचं पुस्तकच नाही! आहे ती तोंडी सांगितलेली बातमी. करिंथकरांना पहिल्या पत्राचा 15वा अध्याय काढा. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना. बस्स. बेथलेहेम नाही, दाखले नाहीत, डोंगरावरचं प्रवचन नाही. हातोहात पोचवायची, पाठ करता येईल एवढी बातमी. मत्तयापासून सुरुवात करून इथवर आलं की हा भाग सारांश वाटतो. आधी हा वाचला, तर सगळं यातूनच वाढलं हे कळतं, आणि माझं वाचन त्यानंतर पार बदललं.

रोमन जगात एवांगेलिओन हा शब्द दरबारीही होता. आशिया मायनरमधल्या प्रियेने या शहरातल्या इ.स.पू. 9च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसाला शुभवार्तांचा आरंभ म्हटलं आहे. त्याच साम्राज्यानं क्रुसावर चढवलेल्या माणसासाठी पौल तोच शब्द वापरतो, यातलं धाडस विसरू नये.

पुस्तकांना हे नाव मागाहून लागलं. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन हा ख्रिस्ती लेखक प्रेषितांच्या आठवणींविषयी लिहिताना त्यांना एवांगेलिया म्हणतात असं अनेकवचनात सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर मूळ ग्रीकमध्ये हा शब्द एकदाही येत नाही. लूकाच्या पुस्तकात नाम नाही, फक्त क्रियापद आहे. ग्रीकला एकाच शब्दावर भागवावं लागलं. मराठी वाचकाला मात्र शीर्षक आणि मजकूर यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

माझी तक्रार आहे ती 'मत्तयकृत'मधल्या 'कृत'बद्दल. ग्रीक शीर्षकात 'काता' आहे, म्हणजे 'मत्तयानुसार'. बातमी एक, सांगणारे चार, असा त्याचा भाव. 'कृत' म्हटलं की ती मत्तयाची रचना होऊन बसते.

आता वापराचं. चार पुस्तकांबद्दल लिहिताना 'शुभवर्तमान' (नपुंसकलिंगी, जोडून, चार शुभवर्तमानं), संदेशाबद्दल 'सुवार्ता'. पौल सुवार्ता सांगतो, मार्क शुभवर्तमान लिहितो. 'पौलाचं शुभवर्तमान' मी लिहिणार नाही, वाचणारा त्या नावाचं पुस्तक शोधत बसेल. मार्काच्या पहिल्याच ओळीत मात्र 'सुवार्तेचा प्रारंभ' असं आहे आणि तिथे सुवार्ताच हवी, कारण मार्क आपल्या पुस्तकाचं नाव सांगत नाही, बातमी कुठून सुरू झाली ते सांगतो आहे.