दुकानातून ग्रामपंचायतीत जाताना

तुझं हार्डवेअरचं दुकान, वडिलांपासूनचं. गावात सगळे ओळखतात, म्हणून निवडून येशील असं तुला वाटतंय. येशीलही. पण अर्ज भरण्याआधी उधारीची वही एकदा उघड. ज्यांच्याकडे पैसे अडकलेत ते तुला मत देतीलच असं नाही. वसुलीला गेलास की नक्कीच देणार नाहीत. मी पहिल्या वेळी याच हिशेबात पडलो.

दुसरं, आणि हे मात्र नीट ऐक. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 14 वाचून काढ. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. म्हणजे नळयोजनेचे पाइप, दिवाबत्तीचे बल्ब तुझ्या दुकानातून जाता कामा नयेत. भावाच्या नावानं बिल फाडून सुटता येईल, असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. विरोधक तक्रारीसाठी टपलेलेच असतात. घरपट्टी-पाणीपट्टीही थकवू नकोस; बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर तेही अपात्रतेला पुरतं. पावती जपून ठेव.

सदस्य झाल्यावर गल्ला मोजायची सवय कामाला येईल. मासिक सभेत जमाखर्च वाचतात तेव्हा बाकीचे माना डोलावतात, तू व्हाउचर माग. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, सुरुवातीला कपाळाला आठ्या घालतील. घालू देत.

आणि दुकानावर आता कोण बसणार, ते घरी आधी ठरव. गिऱ्हाईक कमी, दाखले मागणारेच जास्त येतील.